आंदणाच्या कोंबड्या

माझं लग्न कोंबड्यांमुळं झालं. हे मी चेष्टेनं म्हणत नाही. नात्यातल्या पोरी माझ्या लग्नाची हकीकत विचारतात तेव्हा त्यांना वाटतं, म्हातारी आता मांडव, वाजंत्री आणि जेवणावळ सांगेल. मी कोंबड्यांपासून सुरुवात केली की त्या तोंडाला पदर लावून हसायला लागतात. हसू देत. मला त्यात हसण्यासारखं आजवर काही सापडलेलं नाही.

आमचं गाव मंद्रूपच्या पुढं कोसभरावर. घरची ज्वारीची जमीन, दोन बैलजोड्या आणि आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, असील कोंबड्या. असील ही झुंजीची जुनी जात. उंच, ताठ मानेची, अंगाला घट्ट चिकटलेल्या पिसांची. खाणार भरपूर, अंडी देणार मोजकी, आणि दिवसभर एकमेकींच्या उरावर बसायला तयार. गावातल्या इतर कोंबड्या उकिरड्यावर फिरायच्या. आमच्या कोंबड्यांना परड्यात वेगळी भिंत घालून दिली होती. आजोबांनी हा वाण कुठून आणला याच्या तीन-चार कहाण्या होत्या आणि आप्पा समोरचा माणूस बघून त्यातली एक सांगत. मला त्या सगळ्या पाठ होत्या.

या कोंबड्यांचा एक कायदा होता. कोंबडा कुणालाही द्यावा. विकावा, भेट द्यावा, झुंजीला न्यायला द्यावा. कोंबडी मात्र घराबाहेर जाऊ द्यायची नाही. विजापूरकडचे शौकीन गाडी जुंपून आमच्याकडे यायचे. आप्पा त्यांना चहा पाजायचे, कोंबडे दाखवायचे, आणि कुणी कोंबडीचं नाव काढलं की हसून म्हणायचे, "कोंबड्यात काय हाय? नुसता डौल. वाण कोंबडीत ऱ्हातो. ती गेली की घर गेलं." अंडीसुद्धा कुणी मागितली तर आई ती उकडून द्यायची. आजारी माणसासाठी मागितली तरी उकडूनच. ती अंडी दुसऱ्याच्या घरी उबवायला खुडुक कोंबडीखाली जायला नकोत, एवढाच त्यामागचा विचार.

कायद्याला एक सूट होती. घरच्या मुलीला लग्नात याच वाणाच्या दोन कोंबड्या आंदण द्यायच्या. ही रीत आजोबांची. माझ्या आत्याच्या लग्नात त्यांनी तशा दिल्या होत्या. मुलगी दुसऱ्याच्या घरी गेली तरी ती याच घराची आहे, हे सांगायची आमच्या घरची ती पद्धत. दागिने, भांडी काय, सगळेच देतात. कोंबड्या फक्त आम्ही द्यायचो, आणि लहानपणापासून मला त्याचा फार अभिमान होता. मला काय मिळणार, कसलं लुगडं, किती तोळे, याचा विचार मी कधी केला नाही. आपल्या दोन कोंबड्या कुठल्या, याचा मात्र रोज करायची.

आप्पांना मुलगे दोन, पण कोंबड्या निवडायच्या वेळी त्यांना मी लागायची. दसरा झाला की त्या वर्षीच्या तलंगा, म्हणजे अंड्यावर यायच्या आधीच्या तरण्या कोंबड्या, एकेक करून धरायच्या. मी धरायची, आप्पा बघायचे. आकार शेवटी बघायचा. आधी डोळा: पांढुरका, मोत्यासारखा हवा, तांबूस असला की गेली. मग तुरा, कपाळाला चिकटलेला. मग पायाची नळी, मग छातीच्या हाडावर अंगठा दाबून बघायचं, मग शेपटीच्या बुडाशी फुंकर घालायची. तिथं मऊ पांढरी लव दिसली की कधीतरी गावठी कोंबड्यानं भिंत ओलांडलेली आहे असं समजायचं. सगळ्यात शेवटी आप्पा काठीचं टोक तिच्या डोळ्यासमोर धरायचे. मागं सरली ती बाद. बाद झालेल्या खालच्या खुराड्यात जायच्या, तिथून बाजारात नाहीतर पातेल्यात. पुढं पुढं आप्पा नुसतं माझ्या तोंडाकडं बघायचे आणि मी मान हलवली की कोंबडी खाली टाकायचे. "पोरीला नजर हाय," असं ते लोकांना सांगायचे. त्या एका वाक्यावर मी कितीतरी दसरे खूश होते.

माझे सासरे, मामंजी, सोलापुरात एका गिरणीच्या मागखात्यात जॉबर होते. पागोटं, कोट, हातात काठी. त्यांच्या हाताखाली बरीच माणसं होती आणि घरातही ते सगळ्यांना हाताखालचीच समजायचे. त्यांना कोंबड्यांचा नाद होता. झुंजीचा नाही, झुंज त्यांना हलकी वाटे. शहरात थंडीत जनावरांचं प्रदर्शन भरायचं, त्यात कोंबड्यांचा वेगळा मांडव असायचा, साहेबलोक येऊन बघायचे, पहिल्या आलेल्याच्या पिंजऱ्याला लाल फीत लागायची. मामंजींना ती फीत हवी होती. आधी त्यांनी पांढऱ्या विलायती कोंबड्या आणल्या. सोलापूरचा उन्हाळा त्यांना मानवला नाही. चैत्रातच माना टाकल्या. मग कुणीतरी त्यांना आमच्या गावाचं नाव सांगितलं.

ते दोनदा येऊन आप्पांकडून कोंबडे घेऊन गेले. दोन्ही वेळा कोंबडी मागितली, दोन्ही वेळा आप्पांनी तेच उत्तर दिलं. तिसऱ्या खेपेला ते आले ते आपल्या मुलासाठी मला बघायला.

मला पाटावर बसवलं. नाव विचारलं, चालायला लावलं, हात बघितले, चूल पेटवता येते का विचारलं. माझे दातही बघितले. सुपारी खाऊ नकोस असं सांगायचं निमित्त करून. सगळं मिळून पोहे खाऊन होण्याएवढा वेळ. मग ते आप्पांबरोबर परड्यात गेले ते उन्हं कलेपर्यंत परत आले नाहीत. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला ते दोघं दिसत होते. एकेक कोंबडी उचलत होते, खाली ठेवत होते, मान डोलवत होते. मला तेव्हा ते बरं वाटलं. शौकाचं घर मिळतंय, आपली कोंबडी ओळखणारी माणसं आहेत, असं वाटलं.

बोलणी झाली तेव्हा मामंजींनी हुंडा मागितला नाही. "आमाला काय बी नगं," ते म्हणाले. "तुमच्या घरची रीत हाय ती करा म्हंजे झालं. दोन कोंबड्या पोरीसंगं पाठवा." आप्पा हसले आणि म्हणाले, "रीत हाय ती हायच की." सगळ्या गावात झालं की काय नशीब काढलं पोरीनं, शहरातला जॉबर आणि हुंडा नाही.

माझ्या दोन कोंबड्या ठरलेल्या होत्या. एका रवणातल्या, म्हणजे एकाच वेळी उबवून निघालेल्या, दोघी बहिणी. त्यांच्या आईला मुंगसानं नेल्यावर मी त्यांना चुलीजवळ टोपलीत ठेवून वाढवलं होतं. एक गव्हाळ, एक काळसर. दसऱ्याच्या निवडीत आप्पांनी त्या दोघींना काठी दाखवली तेव्हा गव्हाळ पुढं येऊन काठीला चोच मारून गेली होती. "ह्या तुझ्या," असं आप्पा तेव्हा म्हणाले होते. म्हणाले होते, हे मी खात्रीनं सांगते, कारण पुढं त्यांनी ते नाकबूल केलं.

हळदीच्या दुपारी सगळ्या बायका माझ्याभोवती होत्या, परड्याकडं जायला मला मिळालं नाही. निघायच्या वेळी गाडीत माझ्या पायाशी डालगं, म्हणजे कोंबड्यांची विणलेली पाटी, ठेवलं, वर फडकं बांधलेलं. वेशीबाहेर गाडी आली तशी मी पाटी हलू नये म्हणून तिच्यावर हात ठेवला आणि फटीतून आत बघितलं. आतल्या दोन कोंबड्यांचे डोळे तांबूस होते. एकीनं अंग झाडलं तर शेपटीच्या बुडाशी पांढरी लव दिसली. मी दोघींना ओळखलं. खालच्या खुराड्यातल्या होत्या. मीच मान हलवून त्यांना खाली टाकलं होतं.

मी रडायला लागले. आधी रडून झालं होतं, पण ते रडणं वेगळं. बरोबर आलेली पाठराखीण माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "व्हतंय असंच. माहेर सुटताना काळीज तुटतंय." सीना नदीच्या वाळूतून गाडी ओढताना बैल थांबले, गाडीवानानं खाली उतरून चाकाला खांदा दिला, आणि मी वर बसून रडतच होते. मामंजी पुढच्या गाडीतून वळून वळून डालग्याकडं बघत होते.

सासरी पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी सगळं उघड केलं. भांडणात नाही, सहज, भाकरी थापताना. "आमी काय रूप बघून आणली न्हाय तुला. ह्यांना कोंबड्या पायजे हुत्या. इकत मिळंनात, मग काय करायचं?" मी परातीत पीठ घेतलं. त्या वाईट नव्हत्या. त्यांना ते एवढं साधं वाटत होतं की त्यात लपवायचं काय हेच त्यांना कळलं नसतं. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "दादा म्हनाले, कर. मी केलं." दादा म्हणजे मामंजी. तो गिरणीत बापाच्याच खात्यात होता आणि घरी येऊन जेवून झोपत होता.

आणि मी गप्प बसले होते. का, हे आजच्या मुलींना सांगून कळत नाही. माझ्या बापानं तुम्हांला फसवलं, हे सासरी कुठल्या तोंडानं सांगायचं? सांगितलं तर मी फसवणाऱ्याची मुलगी. नाही सांगितलं तर त्या कोंबड्यांचं जे होईल ते माझ्या माथी. मी वाट बघत राहिले. आप्पा एक दिवस येतील, चुकून दुसऱ्या आल्या म्हणतील, माझ्या दोघी बहिणी घेऊन येतील, अशी. वेडी होते मी.

मामंजींना कोंबड्याची पारख होती, कोंबडीची नव्हती. सगळ्या शौकीन पुरुषांचं असंच असतं. छाती काढून चालणाऱ्यावर त्यांची नजर. त्यांनी चाळीच्या मागं विटांची खोली बांधून घेतली, आमच्याकडून नेलेला कोंबडा त्यात सोडला, त्या दोघींना रोज हातानं बाजरी घातली. खात्यातली माणसं बघायला यायची. मामंजी त्यांना सांगायचे, "ह्या कोंबड्या इकत मिळत न्हाईत. सोयरीक करावी लागती." मग सगळे हसायचे. मी चहाचे कप घेऊन उभी असायची. आमच्या वेळी सुनेनं काही ऐकू न आल्यासारखं उभं राहायचं असे.

पिल्लं निघाली, वाढली. बापाची उंची काहींना आली, पण नळ्या बारीक. पिसं सैल. डोळे कुठले तांबूस, कुठले पिवळट. महिन्याच्या आत एकमेकांची डोकी फोडायला हवीत, ती पिल्लं एका ताटलीत खायची. सासूबाईंना ती फार गुणी वाटली. मी रोज खोली झाडताना बघायची आणि मनातल्या मनात एकेक खाली टाकायची. एकही वर राहत नव्हतं.

त्या थंडीत मामंजींनी त्यातला एक नर आणि दोन तलंगा प्रदर्शनात नेल्या. पिंजऱ्यांना तेल लावलं, कोंबड्यांचे पाय लिंबानं घासले. आम्हां बायकांनाही बघायला नेलं, यावरून त्यांची खात्री किती होती ते समजावं. परीक्षक एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी तलंग उचलली, छातीवर अंगठा दाबला, शेपटीच्या बुडाशी फुंकर घातली. फुंकर घातली तेव्हाच मी मान खाली घातली. त्यांनी तलंग परत ठेवली आणि बरोबरच्या कारकुनाला म्हणाले, "मिश्र." दुसरं काही नाही. पुढच्या पिंजऱ्याकडं गेले. मामंजी मागून काहीतरी घराण्याचं नाव सांगत होते, सोयरीक सांगत होते. ते गृहस्थ मागं वळलेसुद्धा नाहीत. खात्यातली चार माणसं तिथं उभी होती.

घरी आल्यावर मामंजी ओरडले नाहीत. कोट खुंटीला लावला, पाणी प्याले, मला समोर बोलावलं. "तुझ्या बापानं मला फशिवलं का तुझ्या हाताला गुण न्हाय, ह्यातलं एक सांग," ते म्हणाले. मी सांगितलं नाही. मग सासूबाई म्हणाल्या, घर एकच, कोंबड्या तशा तर पोरगी बी तशीच असणार, अजून कूस उजवली न्हाय. मामंजींनी ते ऐकलं आणि त्यांना मार्ग सापडला. "ह्या दोन कोंबड्या घिऊन माहेरी जा. बदलून आण. खऱ्या मिळाल्या की ये. न्हाय मिळाल्या तर यायची गडबड करू नगं." नवरा उंबऱ्याशी बसून चप्पल झाडत होता. तो झाडतच राहिला.

ज्या पाटीतून आले त्याच पाटीत कोंबड्या घालून मी गेले. वाटेत मी आप्पांना काय बोलायचं ते ठरवत होते. मला मुख्य एकच गोष्ट हवी होती, आणि ती कोंबडी नव्हती. चुकून झालं, एवढं त्यांनी म्हणावं. घाईत, हळदीच्या गडबडीत, अंधाऱ्या खुराड्यात हात चुकला. खोटं म्हटलं असतं तरी मी ते उराशी धरलं असतं.

आप्पा परड्यात होते. मी पाटी त्यांच्यासमोर ठेवली आणि फडकं सोडलं. "ह्या खालच्या खुराड्यातल्या हायेत," मी म्हणाले. त्यांनी बघितलं. मग म्हणाले, "तुला नजर हाय, मला म्हाईत हुतं तू वळकशील."

"मग दिल्या का?"

"त्यो मानूस शौकीन हाय," आप्पा म्हणाले. "तुझ्या आत्याच्या सासरच्यांना कोंबडी म्हंजे अंडी देती, एवढंच ठावं. त्यांना दिली तर बिघडत न्हाय, वाण तितंच मरतो. हा गडी सोलापुरात बसून वाण धरील, चार ठिकाणी वाटील, आनि मग आपल्या घरी काय ऱ्हाईल? आनि मी ह्या तुझ्या असं कवा म्हनलोच न्हवतो."

"मी हितं बसून ऱ्हायचं का मग? तितं मला घ्यायचं न्हाईत."

त्यावर त्यांनी क्षणाचाही विचार केला नाही. "ऱ्हा की. तुला काय दोन भाकरी जड हायेत का? जन्मभर ऱ्हा. पर कोंबडी जायाची न्हाय." आणि मग, अगदी मायेनं म्हणाले, "बरं झालं आलीस. ह्या वर्षी निवड माझ्या मनासारखी झाली न्हाय. ती काळी जरा धर बगू."

ती काळी म्हणजे माझ्या दोघींतली. अंगानं भरली होती. मला तिनं ओळखलं नाही. असील कोंबड्या तशा ओळख ठेवत नाहीत. मी तिला धरली, कारण दुसरं काय करावं ते मला सुचलं नाही. आई चुलीशी बसून होती. डालग्यात कोंबड्या तिनंच घातल्या होत्या, आप्पांनी दिल्या तशा. ती मला एवढंच म्हणाली, "तू काय बोलू नगंस. त्यांचा जीव हाय त्यात." माझा जीव कशात आहे हे तिनं विचारलं नाही. तिला कुणी कधी विचारलं नसावं.

चार दिवसांत गावभर झालं. आणि काय झालं असेल? जावयाच्या घरच्यांनी कोंबड्यांवरून पोरगी परत पाठवली आणि बापानं छातीठोकपणे सांगितलं, पोरगी मला जड न्हाय. पारावर लोक आप्पांना नावाजायला लागले. बायका पाणवठ्यावर माझ्यापाशी येऊन म्हणाल्या, नशिबाची गं बाई, असा बाप कुणाला मिळतोय? एकीनं तर डोळे पुसले. मी घागर भरून घेतली. आप्पा संध्याकाळी पारावरून आले ते ताठ मानेनं आले, आणि मला कळलं की लोकांचं बोलणं त्यांना स्वतःलाही पटलेलं आहे. आपण मुलीवर उपकार केले, असंच ते मरेपर्यंत समजत राहिले.

मी तिथं ज्वारीच्या काढणीपर्यंत होते. रोज कोंबड्या धरत होते. आप्पा खुशीत होते. माझी नजर पुन्हा घरात आली होती आणि तीही फुकट. एक दिवस बाद झालेली एक तलंग खाली टाकता टाकता मला स्वतःचा एवढा संताप आला की मी तशीच उठले, सासरहून आणलेल्या त्याच दोन कोंबड्या पाटीत घातल्या आणि बाजाराला निघालेल्या भावकीच्या गाडीत जाऊन बसले. आप्पा शेतावर होते. आईला सांगितलं, "जाते." ती म्हणाली, "रिकामी?" मी म्हणाले, "व्हय."

सोलापुरात पोचले तेव्हा गिरणीचा भोंगा होऊन गेला होता आणि मामंजी घरी होते. त्यांनी आधी पाटीकडं बघितलं. मी फडकं काढलं. जुन्याच कोंबड्या बघून त्यांचं तोंड फिरलं, आणि ते बोलायच्या आत मी बोलले. सासऱ्यासमोर मान वर करून मी तोवर कधी बोलले नव्हते.

"मामंजी, माझ्या बापानं तुमाला फशिवलं. ह्या कोंबड्या बाद झालेल्या हायेत. मी गाडीतच वळकलं हुतं. खऱ्या कोंबड्या मागितल्या तर म्हनाले, पोरगी ठिवून घेतो पर कोंबडी देत न्हाय. आता ठिवायचं असंल तर ठिवा, न्हायतर मी दुसरीकडं कुटं बी जाते. तितं जात न्हाय."

सासूबाई आतून येऊन चौकटीत उभ्या राहिल्या. नवऱ्यानं एकदाचं डोकं वर केलं. मी मार खायच्या तयारीनं उभी होते. खरं सांगायचं तर मला तो हवा होता. कुणीतरी माझ्या बाजूनं नको, पण निदान माझ्या बापाच्या विरुद्ध चिडावं, असं फार वाटत होतं.

मामंजी माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांचं तोंड हळूहळू उजळलं. "असं म्हनला?" त्यांनी विचारलं. "पोरगी ठिवतो पर कोंबडी देत न्हाय, असं म्हनला?"

मी हो म्हटलं.

"गडी खरा हाय," मामंजी म्हणाले. त्यांनी मांडीवर थाप मारली आणि हसायला लागले. मनापासून, खोकला येईपर्यंत. मग सासूबाईंकडं वळून म्हणाले, "ऐकलं का? ह्याला म्हनत्यात शौक. मी त्याच्या जागी असतो तर मी बी दिली नसती." आणि मला म्हणाले, "जा, आत जा. च्या टाक."

मी आत गेले आणि चहा टाकला. त्यानंतर मला त्या घरात कुणी कोंबड्यांवरून बोललं नाही, हातगुण काढला नाही, माहेरी जा म्हटलं नाही. वर्षभरानं मुलगी झाली, मग मुलगे झाले. माझं नांदणं सुरळीत झालं. ते माझ्या धिटाईमुळं झालं असं माझ्या मुलीला वाटतं आणि मी ते खोडून काढत नाही. खरी गोष्ट अशी की मामंजींचा माझ्या बापावरचा राग गेला, म्हणून झालं. आदर वाटायला लागला. त्यांनी आपण होऊन आप्पांना निरोप धाडला की झालं गेलं विसरा, कोंबडा मात्र दरसाल तुमच्याकडचाच घेईन. आप्पांनी उलट निरोप दिला की कोंबडे तुमचेच आहेत. दोघांनीही एकमेकांची माफी मागितली नाही, कारण मागण्यासारखं काही घडलंच नाही असं दोघांचं मत होतं.

मुलगी झाली त्या वर्षीच्या थंडीत प्रदर्शनाला आप्पा स्वतः आपल्या कोंबड्या घेऊन आले. मामंजींनी त्यांना हात धरून मांडवात फिरवलं, खात्यातल्या माणसांची ओळख करून दिली, हे आमचे व्याही, कोंबडी देत न्हाईत, असं कौतुकानं सांगितलं. लाल फीत आप्पांच्या गव्हाळ कोंबडीला लागली. माझ्याच त्या कोंबडीला. दोघं पिंजऱ्यासमोरच्या बाकावर बसून तिच्याकडं बघत होते. मी मुलीला खांद्यावर घेऊन बाकाच्या मागं उभी होते, जेवणाचा डबा द्यायला आलेली. आप्पांनी मला येताना बघितलं होतं.

त्यांचं बोलणं लांबलं. नर कसे आहेत, खायला काय घालता, उन्हाळ्यात खोलीवर पाणी मारता का, नखं कोण काढतं. मामंजी एकेकाचं उत्तर देत होते. सगळ्या नरांची चौकशी झाली. मग आप्पा उठले, धोतर झटकलं, पिंजऱ्याची कडी नीट लागली आहे का ते बघितलं, आणि माझ्यापासून हातभर अंतरावर उभं राहून मामंजींना विचारलं, "पोरगी बरी हाय न्हवं?"

मामंजी म्हणाले, "हाय की."